सिव्हिल लाइन्सपासून वनाच्या दारापर्यंत

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये नोकरीच्या निमित्ताने ज्या मराठी कुटुंबांचा मुक्काम पडतो, त्यांना तेथील जुन्या बंगल्यांविषयी काहीसे ममत्व वाटू लागते. हे बंगले आता थोडेच उरले आहेत. परंतु जे उरले आहेत त्यांची ठेवण साधारणतः सारखीच. जाड भिंती, उंच छत, छताजवळ गरम हवा बाहेर सोडणारे झरोके, पुढे-मागे व्हरांडा आणि त्यावर खाली झुकलेले छप्पर. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जून सरता सरता पाऊस कोसळू लागतो, अशा मुलखात विजेवाचून राहावयाचे, ही अट घालून घेतलेली ही रचना आहे. ऊन भिंतीला लागू द्यावयाचे नाही, वारा अडवावयाचा नाही आणि पावसाचे पाणी पायापासून दूर टाकावयाचे, एवढी तीन पथ्ये पाळली की दारावरच्या ओल्या वाळ्याच्या पडद्यावर उन्हाळा निभावून जात असे.

या बंगल्याचा इतिहास सिव्हिल लाइन्सच्या कुंपणापाशी संपत नाही. तोच बंगला पुढे अरण्यात गेला, वनखात्याचे विश्रामगृह झाला, आणि आज अभयारण्यांच्या दारी जी परिचयकेंद्रे उभी राहत आहेत तीही त्याच वंशवेलीवरची आहेत. वनखात्याच्या कागदांत त्यांना ‘निर्वचन केंद्र’ असे भारदस्त नाव आहे. अरण्य पाहावयास येणाऱ्याला आत जाण्यापूर्वी अरण्याची ओळख करून देणारी वास्तू, एवढाच त्याचा अर्थ. ही वास्तू निसर्गाला जड होऊ नये, ती ‘शाश्वत’ असावी, असा आग्रह आता सर्वत्र धरला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु शाश्वत म्हणजे काय, याचे उत्तर छपरावरच्या सौर तावदानांत शोधण्यापूर्वी या वास्तूच्या पूर्वजांकडे एकवार पाहावे, असे आम्हांस वाटते.

‘बंगला’ हा शब्दच मुळी बंगालमधील शेतकऱ्याच्या झोपडीवरून आला. उतरते छप्पर आणि सावलीची पडवी ही त्या झोपडीची युक्ती. कंपनीच्या गोऱ्या नोकरांनी ती उचलली, वाढवली आणि हिंदुस्थानभर नेली. जबलपूर १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आले होते. डिसेंबर १८१७ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. त्यानंतर ‘सागर-नर्मदा प्रदेश’ या नावाने जो कारभार सुरू झाला, त्याच्या अधिकाऱ्यांची वस्ती शहरापासून वेगळी वसली. ‘लाइन्स’ या शब्दात ओळ जशी आहे तशी रेघही आहे. रेघेच्या अलीकडे बंगला, पलीकडे शहर. आणि बंगल्याच्या आवारातही पुढे साहेब, मागे नोकरांच्या खोल्यांची चाळ. झोपडी शेतकऱ्याची घेतली, आणि शेतकऱ्याला मात्र मागील दारी बसविले. या ठेवणीतील शहाणपण आणि या ठेवणीतील दुरावा अशा दोन्ही गोष्टी बरोबरच पुढे अरण्यात गेल्या.

१८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि दुसऱ्याच वर्षाच्या आरंभी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा तरुण अधिकारी नर्मदेच्या खोऱ्यातून सातपुड्याच्या डोंगरात शिरला. सरकारी अरण्यांची पाहणी करणे हे त्याचे काम. पचमढीच्या पठारावर त्याने १८६२ मध्ये जो बंगला बांधला, त्याला ‘बायसन लॉज’ म्हणतात. गोऱ्या माणसाची पचमढीतील ती पहिली वास्तू. तिच्यासाठी राबले ते आसपासच्या डोंगरांतील गोंड आणि कोरकू. त्याचा ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी तो वारला. या ग्रंथात सातपुड्यावर त्याचे प्रेम पानोपानी दिसते. पण हे डोंगर आता सरकारचे, याविषयी त्याच्या मनात शंका नाही.

हे डोंगर सरकारचे कसे झाले, ती कथा मराठी वाचकाला जवळची आहे. ऑक्टोबर १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले, तेव्हा हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंग त्यांच्या बाजूने उभा राहिला. तात्या पुढे निघून गेले. भभूतसिंग आपल्या डोंगरांत लढत राहिला. अखेर तो पकडला गेला आणि १८६० मध्ये जबलपुरात त्याला देहदंड देण्यात आला. त्याची जहागीर जप्त झाली, आणि तीतील बोरीचे सागवानी अरण्य पुढे सरकारी राखीव वन बनले. १८६५ मध्ये जाहीर झालेले हे बोरी हिंदुस्थानातील पहिले राखीव वन म्हणून ओळखले जाते. म्हणजे या देशातील वनरक्षणाच्या इतिहासाचे पहिले पान एका जप्तीच्या हुकमाने उघडते. बायसन लॉजमध्ये आज वनखात्याचे संग्रहालय आहे. ज्या बंगल्यातून अरण्यावरचा अंमल सुरू झाला, त्याच बंगल्यात आज प्रवासी अरण्याचा परिचय करून घेतो. २०२५ मध्ये मध्य प्रदेश शासनाने पचमढीच्या अभयारण्याला राजा भभूतसिंगाचे नाव देण्याचे ठरविले. १६५ वर्षांनंतर झालेली ही ओळख उशिराची खरी, पण क्षुल्लक नव्हे.

बायसन लॉजनंतर अरण्यात बंगले झपाट्याने वाढले. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा पहिला वन महानिरीक्षक झाला, १८६५ व १८७८ मध्ये वनकायदे आले, आणि १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपुरात एकत्र आला. त्या मार्गाखाली घालावयाच्या लाकडी स्लीपरांसाठी साग आणि साल यांची जी तोड झाली, तिनेच वनरक्षणाची निकड सरकारला पटवली. राखीव वनांची पाहणी करावयाची तर अधिकाऱ्याला फिरतीवर जावे लागे. फिरती घोड्यावरून आणि सामान बैलगाडीवरून. एका दिवसाच्या मजलेच्या हिशोबाने विश्रामगृहे बांधली गेली. नदीचा काठ किंवा टेकडीचा उंचवटा, जवळच्या दगडाची भिंत, त्याच वनातले लाकूड, जवळच्या कुंभाराची कौले. बाहेरून आणावयास रस्ताच नव्हता. त्यामुळे जे हाताशी होते त्यातच भागवावे लागले. आज ज्याला आपण स्थानिक साहित्याचे तत्त्व म्हणतो, ते त्या काळी गरजेतून आपोआप पाळले गेले. मेळघाटातील कोलकासचे विश्रामगृह किंवा नागझिऱ्यातील तळ्याकाठची विजेवाचून राहिलेली घरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना या परंपरेतील संयमाचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु याच विश्रामगृहाला दुसरी बाजू होती. साहेबाच्या मुक्कामाला लाकूड, पाणी, दूध, हाकारे हे सारे आसपासच्या पाड्यांनी पुरवावयाचे. त्याच सुमारास बैगांची ‘बेवर’ नावाची फिरती शेती राखीव वनांतून बंद करण्यात आली आणि १८९० मध्ये तिला ‘बैगा चक’ नावाच्या मर्यादित टापूत कोंडण्यात आले. वनखात्याला मजूर हवेत म्हणून ‘वनग्रामे’ वसविली गेली. तेथील रहिवाशाला राहण्याची परवानगी होती, जमिनीची मालकी नव्हती. सिव्हिल लाइन्समधील मागील दाराची चाळ अरण्यात अशा रीतीने फार लांबवर पसरली.

आता १९५५ या वर्षाकडे यावे. त्या साली मध्य प्रदेश राज्यात दोन राष्ट्रीय उद्याने झाली: मंडला जिल्ह्यातील कान्हा आणि चांदा जिल्ह्यातील ताडोबा. आज एक मध्य प्रदेशाचे भूषण आहे आणि दुसरे महाराष्ट्राचे, म्हणून ती दोन निरनिराळ्या घरची वाटतात. वस्तुतः ती एकाच घरात जन्मली. त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि जबलपूर त्याचेच एक प्रमुख शहर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, ताडोबा व मेळघाट मुंबई राज्याकडे गेले, कान्हा नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि जबलपूर उच्च न्यायालयाचे गाव झाले. त्या वाटणीत कित्येक मराठी अधिकारी इकडचे तिकडे झाले. कित्येकांनी सिव्हिल लाइन्समधील घर सोडून नागपूरची गाडी धरली, कित्येक येथेच राहिले. आज आपल्यापैकी जे या भागात नेमणुकीवर आहेत, ते परक्या मुलखात आले आहेत असे म्हणणे तितकेसे खरे नाही. ज्या वनांच्या फायली त्यांच्यापुढे येतात, त्यांतील जुन्या फायली एके काळी नागपुराहूनच निघालेल्या आहेत.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे परिचयकेंद्राचा जन्म होत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९५६ मध्ये ‘मिशन ६६’ नावाची दहा वर्षांची योजना हाती घेतली. युद्धोत्तर काळात मोटारींतून उद्यानांकडे लोटणाऱ्या जनतेची सोय कशी करावी, हा प्रश्न होता. स्वच्छतागृह, नकाशे, छोटे संग्रहालय, माहिती सांगणारा अधिकारी हे सारे एका छपराखाली आणावे, या विचारातून शंभराच्या वर केंद्रे उभी राहिली. त्यांतील एकाची गोष्ट मननीय आहे. गेटिसबर्गच्या प्रसिद्ध रणभूमीवर रिचर्ड न्यूट्रा या नामवंत वास्तुशिल्पीने एक देखणे केंद्र बांधले. ते १९६२ मध्ये खुले झाले. अर्ध्या शतकानंतर असे ठरले की जी भूमी दाखवावयाची त्याच भूमीवर ही इमारत बसली आहे, तेव्हा रणभूमी पूर्ववत करावयाची तर इमारत काढलीच पाहिजे. २०१३ मध्ये ती पाडण्यात आली. वास्तू सुंदर होती, कर्ता थोर होता. परंतु जागा चुकली होती, आणि जागेची चूक कौशल्याने भरून निघत नाही.

कान्हात परिचयकेंद्राची कल्पना १९८० च्या दशकात रुजली. १९८४ मध्ये स्थापन झालेले अहमदाबादचे पर्यावरण शिक्षण केंद्र आणि अमेरिकेची तीच राष्ट्रीय उद्यान सेवा यांच्या साहाय्याने खटिया, मुक्की आणि कान्हा येथे केंद्रे सिद्ध झाली. खटिया व मुक्की ही उद्यानाची प्रवेशद्वारे. प्रवाशाने वाघामागे धावण्यापूर्वी सालवन म्हणजे काय, गवताळ मैदान म्हणजे काय, बारशिंगा येथेच का टिकला, हे जाणून घ्यावे, ही त्यामागील दृष्टी. पूर्वी विश्रामगृहाचे दार अधिकाऱ्यालाच उघडे असे. आता शाळेतील मूल आणि सहलीला आलेला कारकूनही आत येऊ लागला. ही प्रगती निःसंशय मोठी आहे.

तरीही या केंद्रांना एक प्रश्न विचारावयास हवा. कान्हातील जी विस्तीर्ण मैदाने पाहून प्रवासी हरखून जातो, त्यांतील कित्येक कोणे एके काळी शेते होती. सोंफ नावाचे गाव १९६९ मध्ये तेथून हलविण्यात आले; त्याच्या पडीक शेतांवर गवत माजले आणि त्या गवतात बारशिंग्याला आसरा मिळाला. १९७० मध्ये या जातीचे अवघे ६६ प्राणी कान्हात उरले होते. आज ही जात जगली आहे, यात वनाधिकाऱ्यांच्या कष्टांचा वाटा आहेच. परंतु ज्यांनी आपली नांगरट सोडली त्या गोंड-बैगा कुटुंबांचाही आहे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आल्यावर आणखी गावे हलली. ताडोबातही पुढे तेच झाले. ‘ताडोबा’ हे नाव तर वाघाशी झुंजून मेलेल्या तारू या गोंड पुरुषाच्या देवस्थानावरून आले, असे लोक सांगतात. अरण्याची ओळख करून देणाऱ्या वास्तूने ही गोष्ट सांगितली नाही, तर तिने सांगितलेली ओळख अर्धवट राहते. मैदान निसर्गाने दिले असे समजून प्रवासी घरी जातो आणि त्यागाचे श्रेय कोणाच्याच नावावर जमा होत नाही.

हा विचार आजच करावयाची आवश्यकता आहे, कारण कायद्याची वाट एकाच वेळी अरुंदही झाली आहे आणि रुंदही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनाला तात्पुरती मनाई केली. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली तेव्हा ती उठली. गाभ्याच्या २० टक्क्यांहून अधिक क्षेत्र पर्यटनासाठी वापरू नये आणि तेथे पर्यटनाची नवी बांधकामे करू नयेत, असे ठरले. उलट, १९८० च्या वनसंरक्षण कायद्यात २०२३ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे मंजूर आराखड्यात अंतर्भूत असलेल्या निसर्गपर्यटनाच्या सोयी ‘वनेतर उपयोग’ या सदरातून वगळण्यात आल्या. म्हणजे पूर्वी जेथे दिल्लीपर्यंत विचारणा करावी लागे, तेथे आता बराचसा निवाडा आराखडा करणाऱ्याच्या आणि त्यावर सही करणाऱ्याच्या विवेकावर येऊन ठेपला आहे. या नियतकालिकाच्या वाचकांपैकी काहींच्या मेजावर असे आराखडे येत असतील, किंवा उद्या येतील.

अशा आराखड्यात काय पाहावे? आमच्या मते पहिली पसंती न बांधण्याला द्यावी. बंद पडलेले विश्रामगृह, जुनी कचेरी, रिकामे गोदाम दुरुस्त करून वापरता येत असेल, तर नव्या पायाचा खड्डाच नको; बायसन लॉज हे त्याचे डोळ्यांसमोरचे उदाहरण. नवी वास्तू अटळच असेल तर ती दाराबाहेर, आधीच उघड्या पडलेल्या जमिनीवर असावी; आणि उद्या काढून टाकावी लागली तर तिचा दगड व लाकूड पुन्हा उपयोगी पडावे, अशी तिची बांधणी असावी. गेटिसबर्गचा धडा विसरू नये.

पुढचा विचार पाण्याचा. अरण्यात मे महिन्याचे पाणी हे जनावरांच्या वाट्याचे असते. दररोज शेकडो माणसांची स्वच्छतागृहे चालविण्यासाठी खोल विंधनविहीर खणली आणि शेजारचा झरा आटला, तर त्या इमारतीच्या छपरावर कितीही सौर तावदाने असोत, ती शाश्वत म्हणता येणार नाही. जबलपूर-मंडल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर १००० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशोबाने १ लाख लिटर पाणी होते. गळती वजा जाता जे उरेल ते टाकीत साठवले, तर उन्हाळ्याची बरीच ददात भागते. मैल्याचा शोषखड्डा ओढ्यापासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा, हे सांगावयास नको. पण नकाशावर ते बहुधा शेवटी आठवते.

साहित्याच्या बाबतीत भाबडेपणा उपयोगाचा नाही. मातीची कौले थंड असतात, पण वानरे त्यांवर उड्या मारून ती फोडतात, आणि म्हणूनच वनखात्याच्या कित्येक छपरांवर पत्रा आला. कौलेच हवीत तर दरसाल पावसापूर्वी ती शाकारणारा माणूस गावात असला पाहिजे आणि त्याच्या मजुरीची तरतूद कायम असली पाहिजे. बांबू झटपट वाढतो, पण बोरॅक्सच्या द्रावणात मुरवल्याशिवाय त्याला किडा लागतो, आणि जमिनीला टेकवला तर वाळवी. मोठमोठ्या काचा दिसावयास मोहक. परंतु पक्षी त्यांवर आपटून मरतात. रात्रभर जळणारे दिवे किड्यांना आणि त्यांच्यावर जगणाऱ्या प्राण्यांना भुलवतात. तिन्हीसांजेला केंद्र बंद होत असेल तर दिव्यांचा झगमगाट कशाला? सारांश, सिव्हिल लाइन्समधील बंगल्याची ती तीन पथ्ये, म्हणजे सावली, वारा आणि पाण्याची वाट, आजही पुरेशी आहेत. फक्त त्यांत काळोखाचा आदर हे चौथे पथ्य मिळवावे.

आणि मागील दार? बंगल्याचे ते व्यंग परिचयकेंद्रात उतरू नये. ज्या गावांनी वन सोडले किंवा जी गावे वनाच्या कडेला उरली, त्यांतील माणसे या केंद्रात झाडूवाले आणि रखवालदार म्हणूनच दिसणार असतील, तर आपण नवी चाळच बांधली. भिंती सारवणारी, छप्पर शाकारणारी, झाडांची नावे सांगणारी आणि आपल्या गावाची हकीकत आपल्या तोंडाने सांगणारी माणसे तीच असली पाहिजेत. हलवलेल्या गावांची नावे केंद्राच्या भिंतीवर, दर्शनी जागी, सालासह लिहिलेली असावीत. त्यास खर्च येत नाही. थोडे धैर्य मात्र लागते, कारण त्या यादीखाली कोणत्या तरी कार्यालयाचा हुकूम असतो.

परप्रांती नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याची मुदत तीन वर्षांची, इमारतीची पन्नास वर्षांची, आणि सालवृक्षाची त्याहूनही पुष्कळ मोठी. आपली बदली झाल्यावर आपल्या सहीने उभी राहिलेली वास्तू तेथेच राहते, आणि तिच्यापुढून त्या गावची माणसे रोज ये-जा करतात. फॉर्सिथने बंगला बांधला तेव्हा शेजारच्या कोरकूला विचारण्याची गरज त्याला वाटली नाही. आपल्यासमोर पुढचा आराखडा येईल, तेव्हा मंजुरीचा शेरा मारण्यापूर्वी त्या गावात जाऊन एकदा विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.